दहा सम्राट, दोन प्रजासत्ताके आणि जाहीर नोटिशींचे पान
व्हिएन्नाच्या 'वीनर त्साइटुंग' या सरकारी दैनिकाचे प्रकरण

३० जून २०२३ रोजी 'वीनर त्साइटुंग' या ऑस्ट्रियाच्या सरकारी मालकीच्या दैनिकाचा शेवटचा रोजचा छापील अंक निघाला. पहिल्या पानावर बातमीऐवजी हिशेब होता: १,१६,८४० दिवस, ३,८३९ महिने, ३२० वर्षे, १२ राष्ट्राध्यक्ष, १० सम्राट, २ प्रजासत्ताके, १ वर्तमानपत्र.

हा हिशेब तपासण्यासारखा आहे. ८ ऑगस्ट १७०३ ते ३० जून २०२३, दोन्ही दिवस धरून, बरोबर १,१६,८४० दिवस भरतात. पण २९ फेब्रुवारी १९४० आणि २१ सप्टेंबर १९४५ यांच्या मधले २,०३० दिवस अंक निघतच नव्हता, तेही त्यात मोजलेले आहेत. दहा सम्राटांत मारिया थेरेसिया येत नाही. १७४० ते १७८० राज्य चालवले तिने, सम्राट म्हणून मोजला जातो तिचा नवरा फ्रान्झ श्टेफान. बारा राष्ट्राध्यक्ष हवे असतील तर कार्ल झाइट्स यांना धरावे लागते. ते संसदेचे अध्यक्ष या नात्याने पहिल्या प्रजासत्ताकाचे राष्ट्रप्रमुख होते. आणि १९३४ ते १९३८ ची हुकूमशाही ना सम्राटांच्या खात्यात बसते, ना प्रजासत्ताकांच्या. ती मथळ्यातून गळली आहे.

इतक्या राजवटींतून हे पत्र तगले कसे, याचे नेहमीचे उत्तर म्हणजे 'सरकारचा हात डोक्यावर होता'. हे उत्तर अपुरे आहे. सरकारे पडली, पळाली, काही तर कायमची नाहीशी झाली. टिकून राहिली ती एक गरज: अमुक गोष्ट जाहीर झाली आहे असे कायद्याने मानता यावे, यासाठी एक ठरलेले ठिकाण लागते. हे ठिकाण म्हणजे या पत्राचे नोटिशींचे पान. त्या पानाचा माग काढला की पत्राचा इतिहास नीट उलगडतो. त्याचा शेवटही तिथेच सापडतो.

परवाना आणि मक्ता

१७०३ मध्ये सम्राट पहिला लिओपोल्ड गादीवर असताना मुद्रक योहान बाप्टिस्ट शोनवेटर याने 'वीनरिशेस डियारियुम' नावाने हे पत्र सुरू केले. आठवड्यातून दोन अंक निघत, बुधवारी आणि शनिवारी. वक्तृत्वाचा आणि काव्याचा मुलामा न चढवता आलेली वार्ता आहे तशी देऊ, असे आश्वासन पहिल्याच अंकात होते. दरबाराची दिनचर्या आणि परगावाहून आलेली बातमीपत्रे हा मुख्य मजकूर. त्याच्या जोडीला याद्या असत: शहराच्या वेशींतून आज कोण आले, कुठे उतरले, कोण वारले. आज त्या कंटाळवाण्या वाटतात, पण व्यापारी, सावकार आणि वारसदार यांच्या दृष्टीने अंकातला कामाचा भाग तोच होता. पुढच्या जाहीर नोटिशींचे बीज या याद्यांत आहे.

१७२० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्र योहान पेटर फान गेलेन याच्याकडे गेले आणि १८५७ पर्यंत त्याच्या वारसांकडे राहिले. व्यवस्था मक्त्याची होती. दरबार छापण्याचा एकाधिकार देई, मक्तेदार वर्षाला ठरलेली रक्कम भरी. कागद, छपाईचे खिळे, ते जुळवणारे जुळारी, वाटप आणि बुडीत वर्गण्या हे सगळे मक्तेदाराच्या माथी. उत्पन्न वर्गणीदारांकडून आणि जाहिरातींतून. दरबाराला छापखाना न चालवता पैसाही मिळे आणि मजकुरावर ताबाही राही. ही सोय १३० वर्षांहून अधिक काळ कोणालाच मोडावीशी वाटली नाही, यात नवल नाही.

१७८० मध्ये 'वीनर त्साइटुंग' हे नाव आले. जाहिरातींचे पान तेव्हा किती वापरात होते याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. १५ जानेवारी १७८३ च्या अंकात संगीतकार मोझार्टने तीन नव्या पियानो कंचेर्तोंसाठी, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनांसाठी, आगाऊ वर्गणी मागणारी जाहिरात दिली होती. ७ डिसेंबर १७९१ च्या अंकात त्याच्या मृत्यूची बातमी आहे.

ऑस्ट्रियाचे राजकारण ज्याच्या हाती होते त्या मंत्री मेटर्निखच्या काळात एक गोष्ट घडली, जी या प्रकरणात पुन्हा पुन्हा दिसते. सरकारची बाजू मांडण्याचे काम या पत्राकडे आले नाही. ते 'ओस्टरराइखिशर बेओबाख्टर' या दुसऱ्या पत्राकडे गेले. १८११ पासून योझेफ आंटोन फोन पिलाट त्याचा संपादक होता आणि राजकीय बातमी तिथे आधी येई. 'वीनर त्साइटुंग' अधिकृत होते, पण मर्जीतले नव्हते. अधिकृत म्हणजे हुकूम, नेमणुका आणि नोटिशी छापणारे. मर्जीतले म्हणजे मंत्र्याच्या मनातले लिहिणारे. मर्जीतले पत्र मंत्र्याबरोबर बुडते. अधिकृत पत्र पुढच्या मंत्र्यालाही लागते.

१८४८ च्या मार्चमध्ये मेटर्निख पळाला, सेन्सॉर उठला आणि व्हिएन्नात नव्या पत्रांचा पूर आला. ऑक्टोबरअखेर सैन्याने शहर परत घेतले तेव्हा त्यातली बहुतेक संपली. 'वीनर त्साइटुंग' चालू राहिले. दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, कायद्यांचा प्रमाण मजकूर छापण्यासाठी स्वतंत्र राजपत्र सुरू झाले. म्हणजे कायदा एका ठिकाणी आणि व्यवहारांच्या नोटिशी दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी झाली. पुढे २००४ मध्ये राजपत्र इंटरनेटवर गेले, तरी दैनिकाचे उत्पन्न त्यामुळे बुडाले नाही, याचे मूळ या विभागणीत आहे.

१८५७ च्या अखेरीस मक्ता संपला आणि फ्रान्झ योझेफच्या सरकारने पत्र स्वतःकडे घेतले. छपाई १८०४ मध्ये स्थापन झालेल्या दरबारी-सरकारी मुद्रणालयात होऊ लागली. मालक, प्रकाशक आणि मुद्रक एकच झाले.

राजवट बदलते तेव्हा

२८ जुलै १९१४ ला ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. 'माझ्या प्रजांना' हे सम्राटाचे निवेदन दुसऱ्या दिवशी, २९ जुलैला, याच पत्रात आले. ११ नोव्हेंबर १९१८ ला निघालेल्या विशेष अंकात त्याच्या वारसाचे, पहिल्या कार्लचे, निवेदन आहे. त्यात 'सिंहासनत्याग' हा शब्द नाही. राज्यकारभारातला आपला सहभाग सोडतो, एवढेच म्हटले आहे. १२ तारखेला प्रजासत्ताक घोषित झाले. पत्राच्या नावामागची 'सम्राटाचे' ही उपाधी गेली. नाव तेच राहिले, मुद्रणालयही तेच.

प्रजासत्ताकाने सम्राटाचे पत्र बंद का केले नाही? कारण व्यवहार थांबलेले नव्हते. एखाद्या मृताच्या वारसांना हजर होण्यासाठी दिलेली मुदत, कंपनीची नोंद, जप्त मालमत्तेचा लिलाव, यांतले काहीच सम्राट गेला म्हणून रद्द होत नाही. ज्या पानावर ते जाहीर झाले ते पान बंद केले, तर मुदत मोजायची कुठून हा प्रश्न प्रत्येक न्यायालयात उभा राहिला असता.

१९३३ चा बदल अधिक आतून झाला. ४ मार्चला संसदेच्या तिन्ही अध्यक्षांनी एकापाठोपाठ राजीनामे दिले. चान्सलर (सरकारप्रमुख) डोलफुस याच्या सरकारने 'संसद स्वतःच बंद पडली' अशी भूमिका घेतली आणि १९१७ च्या, म्हणजे सम्राटाच्या काळातल्या, युद्धकालीन अर्थव्यवस्थेच्या कायद्याखाली वटहुकुमांनी कारभार सुरू केला. काही दिवसांतच वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी आली. फेब्रुवारी १९३४ मध्ये समाजवादी पक्षाच्या 'आर्बाइटर-त्साइटुंग'वर बंदी घातली गेली. सरकारी पत्राला बंदीची भीती नव्हती, पण वटहुकुमाने चालणाऱ्या राजवटीत अधिकृत पान अधिकच भरते, कारण हुकूम आधी जाहीर व्हावा लागतो. या काळातले अंक नेहमीच्या गंभीर मांडणीत आहेत, आणि तीच त्यांची अडचण आहे. वर्तमानपत्राचा चेहरा पाहून संसद नाहीशी झाली आहे हे कळत नाही.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा मात्र हे गणित चालले नाही. नाझी व्यवस्थेत पक्षाचे पत्र आणि राज्याचे पत्र असा भेद ठेवायचा नव्हता. अधिकृत नोटिशींचे काम पक्षाच्या 'फोल्किशर बेओबाख्टर'च्या व्हिएन्ना आवृत्तीकडे गेले. त्या नोटिशींशिवाय 'वीनर त्साइटुंग'ला कामच उरले नाही आणि २९ फेब्रुवारी १९४० ला ते बंद झाले. सम्राट गेल्याने जे झाले नव्हते, ते नोटिशी गेल्यावर झाले. २०२३ च्या शेवटाकडे पाहताना हा पहिला शेवट लक्षात ठेवावा.

१९४५ मध्ये परतण्याचा क्रमही बोलका आहे. २३ एप्रिलला तीन पक्षांचे संयुक्त 'नॉयेस ओस्टरराइख' निघाले, म्हणजे बोलणारे पत्र आधी आले. २७ एप्रिलला स्वातंत्र्याची घोषणा झाली. 'वीनर त्साइटुंग' २१ सप्टेंबरला परतले. शहर चार विजेत्या राष्ट्रांत वाटलेले होते. सोव्हिएत सैन्याचे 'ओस्टरराइखिशे त्साइटुंग' आणि अमेरिकनांचे 'वीनर कुरियर' ही दोन्ही पत्रे लोकप्रियतेसाठी झटत होती. सरकारी पत्राने त्या शर्यतीत उतरायची गरज नव्हती.

पुढची पन्नास वर्षे पटकन सांगता येतील. पत्र सरकारी मुद्रणालयाचा एक विभाग म्हणून चालले. १९९८ मध्ये ते मुद्रणालयापासून वेगळे होऊन शंभर टक्के सरकारी मालकीची मर्यादित कंपनी झाले, देखरेख चान्सलरच्या कार्यालयाची. या रचनेत संपादकाची खुर्ची राजकारणापासून दूर राहत नाही. 'दी प्रेस' या दैनिकाचे माजी संपादक आंद्रेयास उंटरबेर्गर २००५ मध्ये परंपरावादी पक्षाचा चान्सलर असताना मुख्य संपादक झाले. चान्सलरपद समाजवाद्यांकडे गेल्यावर, २००९ मध्ये, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. तरीही शेवटच्या दोन दशकांत पत्राची पत्रकारिता चांगली होती हे विरोधकही मान्य करत. नोटिशींचा पैसा मथळ्याच्या भडकपणावर अवलंबून नव्हता, त्यामुळे संपादकांना लांब आणि शांत लेख परवडत.

नोटिशींचे यंत्र

हे यंत्र चाले कसे? पत्राला 'आम्ट्सब्लाट' नावाची अधिकृत पुरवणी होती. कोणत्या गोष्टी तिथे छापायच्या हे वेगवेगळ्या कायद्यांत लिहिलेले होते, पत्राच्या स्वतःच्या कायद्यात नव्हे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. व्यापारी संहितेनुसार कंपनी नोंदवहीतली प्रत्येक नवी नोंद आणि बदल तिथे यायचा. मोठ्या भागभांडवली कंपन्यांचा वार्षिक ताळेबंद तिथे यायचा. अशा कंपन्यांच्या सभेची सूचनाही तिथेच, वार्षिक सर्वसाधारण सभा असेल तर किमान २८ दिवस आधी, इतर सभांसाठी २१ दिवस आधी. केंद्र सरकारातल्या वरिष्ठ जागा भरायच्या असल्या तर त्याची जाहिरातही तिथे देणे बंधनकारक होते.

कंपनीच्या बाजूने काम असे चाले: मजकूर वकिलाने किंवा नोटरीने तयार करायचा, ठरल्या वेळेआधी पत्राकडे पाठवायचा, आकारमानाप्रमाणे दर भरायचा आणि छापलेल्या अंकाची प्रत फायलीला लावायची. घोळ होतो तो बहुधा दिवस मोजण्यात. २८ दिवस छापून आलेल्या तारखेपासून मोजायचे, पाठवल्याच्या नव्हे. एक सुट्टी आडवी आली, अंक एक दिवस पुढे गेला, की सूचना मुदतीबाहेर पडते आणि नाराज भागधारकाला त्या सभेच्या ठरावांना न्यायालयात आव्हान देण्याची वाट मोकळी होते. कार्यक्रमपत्रिकेतला विषय गळाला तरी तेच, आणि मुदत उलटल्यावर शुद्धिपत्राने ते भरून निघत नाही. म्हणून जाणते वकील शेवटच्या दिवसावर विसंबत नसत, हाताशी दोन-चार दिवस ठेवूनच सूचना देत.

आपल्याकडे जाहीर नोटीस खाजगी वर्तमानपत्रांत वाटली जाते, एक प्रादेशिक भाषेतले आणि एक इंग्रजी अशी अट अनेक कायद्यांत असते. ऑस्ट्रियात हा सगळा ओघ एकाच सरकारी पत्राकडे वाहत होता. पैसे देणाऱ्याला दुसरा पर्याय नव्हता, आणि वाचणाऱ्याला दुसरीकडे शोधायची गरज नव्हती.

गळती कुठून लागली

पहिले भोक २००० साली पडले. दिवाळखोरीच्या न्यायालयीन सूचना त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून न्यायखात्याच्या 'एडिक्ट्सडाटाय' या इंटरनेटवरील नोंदसंग्रहात जाऊ लागल्या. धनकोंना हे सोयीचे होते: नाव टाकले की सापडते. १ जानेवारी २००४ पासून राजपत्राचा प्रमाण मजकूरही छापील न राहता इंटरनेटवरचा ठरला. या दोन तारखांनंतर कंपन्यांच्या नोटिशी कागदावरच का, हा प्रश्न विचारला जाणार हे उघड होते. प्रत्यक्ष आघाताला आणखी वीस वर्षे लागली. तेवढा अवधी हातात असूनही पत्राच्या मालकाने, म्हणजे सरकारने, दुसरे भक्कम उत्पन्न उभे केले नाही. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक तीच, आणि तिचे खापर कुठल्याही एका पक्षावर फोडता येत नाही.

जानेवारी २०२० मध्ये परंपरावादी आणि हरित पक्षांच्या आघाडीने कार्यक्रम जाहीर केला. त्यात कागदावरील सक्तीची प्रसिद्धी रद्द करण्याचे कलम होते. कंपनी कायद्यातील डिजिटल साधनांविषयीचा २०१९ चा युरोपीय संघाचा निर्देश आधाराला घेतला गेला. उद्योजकांचा युक्तिवाद सरळ होता: जे कोणी कागदावर वाचत नाही त्यासाठी आम्ही का मोजायचे? २७ एप्रिल २०२३ ला संसदेने आघाडीच्या मतांनी कायदा संमत केला.

आकडे पाहिले की कोंडी कळते. सक्तीच्या नोटिशींतून येणारे उत्पन्न वर्षाला सुमारे १.८ कोटी युरो होते. खप आठवड्याच्या दिवशी सुमारे २०,००० आणि शनिवार-रविवारच्या अंकाचा त्याच्या दुप्पट. १.८ कोटी भागिले २०,००० म्हणजे प्रतीमागे वर्षाला ९०० युरो. ही तूट वर्गणीदारांकडून भरून काढायची तर प्रत्येकाकडे आहे त्या वर्गणीवर आणखी ९०० युरो मागावे लागले असते. आंदोलने झाली, लेखक, वैज्ञानिक आणि कलावंतांनी सह्या केल्या. पण या भागाकाराला उत्तर कोणाकडेच नव्हते.

जुने अंक वाचायचे असतील तर

ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'आनो' या संग्रहात १७०३ पासूनचे अंक मोफत उघडता येतात. जुने अंक फ्राक्टुर या जुन्या जर्मन वळणाच्या टायपात आहेत. त्यातला लांब 'स' संगणकाला 'फ'सारखा दिसतो, म्हणून शब्दशोधात नाव न सापडल्यास ते छापलेच नव्हते असे धरू नये. दोन्ही अक्षरे टाकून पुन्हा शोधावे, नाहीतर तारखेने अंक काढून पाने चाळावीत. राजवट बदलल्याच्या तारखा पाहताना केवळ पहिले पान पाहून थांबू नये. विशेष अंक वेगळा नोंदलेला असतो, संध्याकाळची 'वीनर आबेंडपोस्ट' ही पुरवणी वेगळी आणि अधिकृत पुरवणीला स्वतःचे पृष्ठक्रमांक असतात. नोव्हेंबर १९१८ चा एक आठवडा असा सलग वाचावा. पहिल्या पानावर साम्राज्य विरघळत असते आणि मागच्या पानांवर लिलाव ठरलेल्या तारखांना चालू असतात.

१ जुलै २०२३ नंतर

स्वीडनचे 'पोस्ट ओक इनरिकेस तिडनिंगार' १६४५ चे, म्हणजे याहूनही जुने. तेही १ जानेवारी २००७ पासून फक्त इंटरनेटवर आहे. पण स्वीडनने उलट केले होते: बातम्यांचा भाग कधीच गळून गेला होता, उरली होती ती अधिकृत नोटिशींची यादी, आणि तीच संगणकावर गेली. तिथे अखेरच्या टप्प्यात कोणाची नोकरी जाण्याइतका संपादक विभागच नव्हता. ऑस्ट्रियात पत्रकारिता आणि नोटिशी एकमेकींना बांधलेल्या होत्या आणि गाठ एकाच दिवशी सोडली गेली.

नव्या कायद्याने नोटिशींसाठी 'एवी' हे सरकारी संकेतस्थळ उघडले आणि कंपन्यांचा छपाईखर्च गेला. दैनिकाचे रूपांतर इंटरनेटवरील प्रकाशनात झाले. कागदावर अंक काढायचा तो निधी असेल त्याप्रमाणे, वर्षातून किमान दहा वेळा. ६३ जणांच्या नोकऱ्या गेल्या, संपादक विभाग ५५ वरून २० वर आला. खर्चासाठी केंद्राच्या अर्थसंकल्पातून वर्षाला ७५ लाख युरो ठरले आणि पत्रकारांच्या प्रशिक्षणासाठी त्याच कंपनीत उभ्या केलेल्या 'मीडिया हब'ला ६० लाख. या दुसऱ्या रकमेवर सर्वाधिक टीका झाली, कारण पत्रकार घडवण्याचे काम चान्सलरच्या कार्यालयाच्या देखरेखीखाली येते.

मालक तेव्हाही राज्यच होते आणि आताही तेच आहे. फरक पैशाच्या वाटेत आहे. पूर्वी तो अनेक कायद्यांतल्या कलमांतून, कंपन्यांच्या खिशातून, आपोआप येई. तो तोडायला व्यापारी संहितेपासून नोकरभरतीच्या कायद्यापर्यंत दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि तरीही सरकारला तीन वर्षे लागली. आता तो अर्थसंकल्पातली एक ओळ आहे, आणि ती ओळ दर वर्षी नव्याने लिहिली जाते.